बांधीवरची बातमी

शनिवारची बातमी ऐकल्याशिवाय सुगंधाबाईची टोळी शिदोरी सोडत नसे. आता ही काही टीव्हीवरची बातमी नव्हे. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सहावी-सातवीच्या नूतन मॅडम दर शनिवारी पोरांकडून एक कागद लिहून घ्यायच्या, आठवडाभर वर्गात काय झालं त्याचा. त्याच्या झेरॉक्स काढून घरोघरी पाठवायच्या. कागद मोबाईलच्या ग्रुपवरही पडायचा, पण रोवणीच्या दिवसांत मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि आई चिखलात, मग त्या ग्रुपचा काय उपयोग? म्हणून सुगंधाबाईची मयुरी, सहावीतली, शनिवारची सकाळची शाळा सुटली की शिदोरी घेऊन थेट शेतावर यायची. पाण्याने भरलेल्या बांधीच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहून ती मोठ्याने बातमी वाचायची, आणि कमरेत वाकलेल्या चौदा बाया धानाची रोपं, म्हणजे परे, रोवत, एकेक पाऊल मागे सरकत ती ऐकायच्या.

सुगंधाबाई स्वतः दुसरीत शाळा सोडलेली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवली ती बसवलीच. अक्षर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांची रांग. पण टोळीची म्होरकी तीच. कोणाच्या शेतात कधी जायचं, किती वाजता उठायचं, कोणाला काय सुनवायचं, सगळं तिच्या तोंडून. अपूर्णांक म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण गेल्या आठवड्यात मयुरीच्या वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार झाला आणि या आठवड्यात भागाकार होणार, हे तिला तोंडपाठ होतं.

त्या शनिवारी खुशालभाऊच्या बांधीत रोवणी चालली होती. मयुरी आली, डबे धुऱ्यावर ठेवले, कागद उघडला.

“या आठवड्यात आम्ही अपूर्णांकांचा भागाकार शिकलो. सात जणांना आला, बाकीच्यांना सोमवारी पुन्हा शिकवणार आहेत.”

“सातात तू हायस का नाई?” सुगंधाबाईने मान वर न करता विचारलं.

“हाय.”

“मंग वाच पुढं.”

“बुधवारी प्रफुलने शाळेच्या बोअरवेलजवळ साप पाहिला. सर्वजण घाबरले. ती धामण निघाली.”

प्रफुलची आई सत्यशीला रांगेच्या टोकाला होती. “पाह्यलं? माह्या पोराचं नाव आलं बातमीत,” ती म्हणाली.

“सापाचं बी आलं,” रुखमाबाई म्हणाली, आणि सगळी रांग खिदळली.

“पुढील आठवड्यात प्रत्येकाने कंपासपेटी आणावी.” मयुरी जरा थांबली. शेवटची ओळ तिने आधी मनात वाचली असावी, कारण तिचा आवाज खाली आला. “मंगळवारी दुपारी दोन वाजता शाळेत पालकसभा झाली. सहावी-सातवीचे वर्ग केंद्रशाळेला जोडण्यास सर्व पालकांनी एकमताने संमती दिली. पालकांचे अभिनंदन.”

हात थांबले. बाया वाकलेल्याच, हातात परे तसेच, आणि पाण्यात टोचायचं कोणाला सुचेना.

“पुन्हा वाच,” सुगंधाबाई म्हणाली. मयुरीने पुन्हा वाचलं. तेच निघालं.

केंद्रशाळा आठ किलोमीटर. त्यातले चार किलोमीटर गच्च जंगल. त्या पट्ट्यात वाघीण पिल्लं घेऊन फिरते, एकट्याने जाऊ नका, असा बोर्ड फॉरेस्टवाल्यांनीच रस्त्याच्या तोंडाशी ठोकलाय. बस सकाळी एक, तीही आली तर. सात वर्षांपूर्वी गावची शाळा पाचवीपर्यंतच होती तेव्हा सुगंधाबाईची थोरली रीता याच रस्त्यापायी घरी बसली. हुशार पोर. पाचवीचं पुस्तक दोन वर्षं उशाशी घेऊन झोपायची, मग तेही सोडलं. परवा अठरा पूर्ण झाली आणि लग्न होऊन गेली. ती घरी बसल्यावर गावातल्या बायांनी पंचायत समितीत खेटे घालून, साहेबांच्या दारात बसून, सहावी-सातवी गावात आणली. मयुरी त्यात शिकत होती. आणि आता म्हणे त्याच बायांनी ती एकमताने देऊन टाकली. वर अभिनंदन!

“मंगळवारी कुठी होतो आपन?” सुगंधाबाईने विचारलं.

“इथीच,” रुखमाबाई म्हणाली. “खुशालभाऊच्याच नाल्याकडच्या बांधीत. दिवस बुडला तवा घरी गेलो.”

“मंग कोण गेलतं सभेले? आपली भुतं?”

मयुरी धुऱ्यावर चुळबुळ करत होती. “माय, साहेब आले हायत शाळेत. तालुक्याहून. हेडसर त्याहीले रजिस्टर दाखवून राह्यले. आजच नेनार हायत म्हने.”

सुगंधाबाईने हातातली पऱ्यांची जुडी पाण्यात टाकली. कमर सरळ केली तेव्हा हाडं वाजली. “चाला व,” ती म्हणाली.

“आन् रोवणी?” कोणीतरी विचारलं.

“रोवणी कुठी पळून राह्यली? शाळा पळून राह्यली.”

चौदाही जणी बांधीबाहेर आल्या. पलीकडच्या धुऱ्यावरून खुशालभाऊ ओरडत धावत आला. उपटलेले परे असे उघडे पडले तर वाळतील, आज ही बांधी झालीच पाहिजे, तुम्हाला झालंय तरी काय, असं बरंच काही तो बोलत होता. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. त्यामुळे तो आणखीच चिडला आणि बायांना परत आणायचंच म्हणून त्यांच्या मागोमाग शाळेपर्यंत चालत गेला.

शाळेच्या ऑफिसात पंख्याखाली तालुक्याचे साहेब बसले होते. समोर चहा, बिस्किटं आणि निळ्या कव्हराचं रजिस्टर. बाजूला मुख्याध्यापक वामनराव सर. रोज नागभीडहून मोटारसायकलने यायचे, साडेपाचच्या आत परत जायचे. सात वर्षं झाली, पण शाळेपलीकडचं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. वाईट माणूस म्हणावं असं नाही. वरून फोन आला की मान डोलवायची आणि खालून कोणी बोललं की घड्याळ पाहायचं, एवढाच त्यांचा स्वभाव. असल्या स्वभावाने किती नासधूस होते, ते त्यांना कधी कोणी ऐकवलं नव्हतं.

“अहो, पाय, पाय!” दारात बाया दिसताच सर उठले. “आत्ताच फरशी पुसली आहे. बाहेर नळ आहे, पाय धुऊन या.”

“फरशी पुन्हा धुता येते, सर,” सुगंधाबाई म्हणाली आणि गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट आत आली. मागोमाग तेरा जणी. “मंगळवारी सभा झाली म्हने. आमाले संमती पाह्याची हाय आमची.”

सरांचा चेहरा पडला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बातमीत आलं.”

सरांनी मान वळवली. कोपऱ्यात नूतन मॅडम वह्या तपासत बसल्या होत्या. बायांनीही तिकडेच पाहिलं, आणि सुगंधाबाईचा राग आधी तिकडेच वळला, कारण जवळच्या माणसाचा राग आधी येतो. “मॅडम, तुमी लिवलं हे? अभिनंदन बी तुमीच केलं आमचं? आमी तं तुमाले आमचं समजत होतो.”

नूतन मॅडम उभ्या राहिल्या. नोकरीला तीन वर्षं झालेली, ओठ कोरडे पडलेले. “शेवटची ओळ मीच लिहिली,” त्या म्हणाल्या. “आदेश येईपर्यंत पालकांना काही कळवायचं नाही, असं मला सांगितलं होतं. पण आठवड्यात जे घडलं ते बातमीत लिहायचं, असं मी मुलांना शिकवते. सभा रजिस्टरात आहे. म्हणजे घडली असणार. मग लिहायला नको?”

“मी सही केली त्या कागदावर?” वामनराव सर पुटपुटले.

“सकाळी केलीत, सर. साहेबांची गाडी येत होती, तुम्ही घाईत होतात. बातमी वाचली नाहीत.”

सुगंधाबाईला सगळं एकदम उमगलं. ही पोरगी यांच्यातली नव्हती. हिने उघड सांगता येत नव्हतं ते अभिनंदनात गुंडाळून घरोघरी धाडलं होतं. सुगंधाबाईचे डोळे भरून आले, पण ही वेळ रडायची नव्हती. ती टेबलाकडे वळली. “दाखवा रजिस्टर.”

साहेबांनी रजिस्टरवर हात ठेवला. “हा शासकीय दस्तऐवज आहे. असं कोणालाही दाखवता येत नाही.”

“आमी कोणी बी नाई. ज्याहीची संमती घेतली, त्याच हाव आमी.”

साहेबांनी रजिस्टर फिरवलं. सातवी शिकलेली सत्यशीला पुढे झाली आणि वाचू लागली. वर मंगळवारची तारीख, दुपारी दोन, खाली ठराव. त्याखाली सतरा नावं, सहावी-सातवीच्या सतरा पोरांच्या पालकांची, आणि प्रत्येक नावासमोर सही नाहीतर अंगठा. “माही सही हाय,” सत्यशीला हळूच म्हणाली. “माह्याच हातची. पण मी कवा केली?”

“बघा,” साहेब म्हणाले. “सही तुमचीच आहे, तुम्हीच म्हणता.”

सुगंधाबाईने आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. सत्यशीलाने बोट ठेवलं. तिथे निळ्या शाईचा एक अंगठा होता. गोल, ठसठशीत, एकेक रेघ मोजून घ्यावी असा. सुगंधाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने आपला उजवा हात चेहऱ्याजवळ नेऊन पाहिला, आणि ती चक्क हसली.

“सर, रोवणी कवा लागली या गावात?”

“मला काय माहीत?” वामनराव सर वैतागून म्हणाले.

“तेच तं! दोन हप्ते झाले लागून. तुमाले माहीत असतं तं ही चूक नसती केली तुमी.” तिने टेबलावरचं स्टँपपॅड ओढलं, लुगड्याला अंगठा पुसून कोरडा केला, शाईत दाबला आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद पालथा करून त्यावर उठवला. कागदावर निळा डाग पडला. नुसता डाग. रेघ म्हणून एक नाही.

रोवणी लागली की तीन आठवडे दिवसभर हात पाण्यात. आधी परे उपटायचे, मग अंगठ्याने चिखलात दाबायचे. कातडी पांढरी पडते, फुगते, सालं निघतात, आणि रेघा पार झिजून जातात. या महिन्यात रेशनच्या मशीनवर बायांचा अंगठा लागत नाही हे गावातलं लहान पोरही सांगेल. तांदूळ आणायला मग म्हातारे सासरे जातात. रुखमाबाई पुढे आली, तिने अंगठा उठवला. डाग. तिसरीने उठवला, डाग. सहा-सात झाल्यावर त्या पुड्यावर जागा उरली नाही.

“हा अंगठा माहाच हाय, साहेब,” सुगंधाबाई रजिस्टरवर बोट आपटत म्हणाली. “पण मंगळवारचा नाई. शाळा सुरू झाली त्या दिवशीचा हाय. जूनमधला. सरांनी बोलावलं, कोरं पान पुढं केलं. ‘दर आठवड्याले बातमी पाठवू, भेटत जाईल म्हनून अंगठा करा,’ म्हनले. मी खुशीनं केला. माह्या पोरीची बातमी येनार म्हनून केला! त्याच्या डोक्यावर तुमी हे लिवलं?”

वामनराव सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साहेब वामनराव सरांकडे पाहत होते.

“पण तुम्ही मंगळवारी सभेला नव्हताच हे कशावरून?” साहेबांनी शेवटचा धागा ओढून पाहिला.

तेवढ्यात दारातून खुशालभाऊ घुसला. त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं, डोक्यात फक्त वाळणारे परे होते. “मंगळवारी? मंगळवारी सभेले गेल्या होत्या म्हनता? कोण म्हनते? दिवसभर माह्या बांधीत होत्या ह्या. पानी प्याले बी धुऱ्यावर येऊ देलं नाई मी! आन् आज पाहा, अर्धी बांधी सोडून इथी उभ्या हायत. साहेब, तुमी तरी सांगा याहीले.”

“तुमीच सांगितलं ना भाऊ, आता आनखी कोण सांगनार?” रुखमाबाई म्हणाली. खुशालभाऊला आपण काय केलं ते कळेना, आणि बाया का हसताहेत तेही.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. “हे बघा, तुमची तक्रार असेल तर लेखी अर्ज द्या. कार्यालयात चौकशी होईल. हे मी घेऊन जातो.”

मिटलेल्या रजिस्टरवर सुगंधाबाईचा चिखलाचा हात पडला. “हे गावाबाहेर जानार नाई.”

“बाई, शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होतो. माहीत आहे?”

“करा दाखल. नाव सांगतो, लिहून घ्या. सुगंधाबाई मुखरू शेंडे. खोटी संमती लिवनाऱ्याचं बी नाव खालीच लिवा, एकाच कागदात होऊन जाईल.” भीती वाटत नव्हती असं नाही. पण रीता आठवली, ते उशाखालचं पुस्तक आठवलं, आणि हात तिथून हलला नाही. “एक पोरगी माही घरी बसली, साहेब. दुसरी नाई बसू देत. तुमाले सभाच पाह्यजे ना? घ्या सभा. आता घ्या. सतरा पोरं हायत, त्यातल्या अकरा जनांच्या आया इथी उभ्या हायत. तुमी अध्यक्ष व्हा. सरांले लिवाले सांगा.”

ऑफिसाच्या खिडकीबाहेर एव्हाना गाव जमलं होतं. नूतन मॅडमनी वर्गातली सतरंजी आणून अंथरली. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, आणि घाम पुसला. कोरा चहा पुन्हा मागवला गेला. सभा झाली. वर्ग हलवायला संमती कोणाची, हात वर करा, असं साहेबांनी विचारलं. एकही हात वर गेला नाही. विरोध कोणाचा म्हणताच अकरा हात वर गेले. ज्या तिघींची पोरं या वर्गांत नव्हती त्यांचेही गेले, त्यांना खाली करायला लावले. मंगळवारच्या पानावर वामनराव सरांनी स्वतःच्या हाताने ‘रद्द’ लिहिलं. नव्या पानावर नवा ठराव लिहिला. सत्यशीलाने तो शब्दन् शब्द मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. मग तिने सही केली, तिच्यामागून आणखी दोघींनी केली.

उरल्या आठ. साहेबांच्या चेहऱ्यावर तासाभरात पहिल्यांदा तरतरी आली. “आता या आठ जणींचं काय करायचं? अंगठा चालणार नाही. रोवणीत अंगठा लागतच नाही, असं तुम्हीच सिद्ध केलंय. उद्या कोणी विचारलं, हे निळे डाग कोणाचे, तर मी काय सांगू? तीन सह्यांचा ठराव होत नाही.”

बायांच्या तोंडचं पाणी पळालं. सुगंधाबाईचंच हत्यार साहेबांनी उचलून तिच्यावरच धरलं होतं. रुखमाबाईने हळूच सुगंधाबाईचा पदर ओढला. बोलण्यात सुगंधाबाई आयुष्यात कधी हरली नव्हती, पण इथे बोलून भागणार नव्हतं.

“मी लिवू माय तुह्यं नाव?” खिडकीतून मयुरी म्हणाली.

“नको,” सुगंधाबाई म्हणाली. “तू लिवशील तं तुही सही होईल. मॅडम, फळ्यावर माहं नाव लिवता का? मोठ्ठं?”

नूतन मॅडमनी ऑफिसातल्या सूचनाफलकावरचं पुसलं आणि खडूने लिहिलं. बाकीच्या सात जणींची पोरं आत घुसली आणि जो तो वहीत आपापल्या आईचं नाव लिहू लागला. सुगंधाबाईने पेन घेतलं. रोवणीच्या बोटांत पेन काडीसारखं घसरायचं. तिने मुठीत धरलं. फळ्याकडे पाहायची, एक रेघ ओढायची, पुन्हा पाहायची. दात ओठांत रुतले होते. एक उकार खाली गेला तो ओळ सोडून पार दुसऱ्या नावावर गेला. काना अक्षराला टेकेना. कपाळावरचा घाम पानावर पडला, तो तिने कोपराने टिपला. साहेबांच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आठ बायांची आठ नावं उतरायला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास साहेब खुर्चीत बसून होते, कारण उठायचं तर रजिस्टर सोडून उठावं लागलं असतं.

शेवटी त्यांनी पान पुढे ओढलं. चष्मा वर केला, खाली केला. “हे काय लिहिलंय? वाचता येत नाही.”

सुगंधाबाईने रजिस्टर आपल्याकडे फिरवलं. त्या वेड्यावाकड्या रेघांवर बोट ठेवलं आणि सावकाश, खिडकीबाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “सुगंधाबाई. मयुरीची माय. वर्ग हलवाले नाई म्हनते.”

“एवढं कुठे आहे यात?” साहेब म्हणाले. “इथे फार तर एक नाव असेल.”

“जूनच्या एका अंगठ्यात तुमाले एवढी मोठी संमती वाचता आली, साहेब,” सुगंधाबाई म्हणाली, “आन् माह्या हातानं लिवलेलं माहं नाव वाचता नाई येत?”